गच्चीवरचे म्युऑन, परतीचा पाऊस आणि अचानक वाढणारे काऊंट

वर्तकनगरी
नमस्कार मंडळी. ठाण्यात वर्तकनगरला आमच्या जुन्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर पत्र्याची शेड आहे. तिथे मी आणि माझा भाचा (टीवाय बीएस्सी, फिजिक्स) म्युऑन, म्हणजे अंतराळातल्या किरणांमुळे वातावरणात तयार होऊन खाली येणारे कण, मोजतोय. प्लास्टिक सिंटिलेटरचे दोन तुकडे, ५ बाय ५ सेंटीमीटरचे, १ सेंटीमीटर जाड, एकावर एक ठेवलेत. प्रत्येकाला सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर चिकटवलाय, वरून फॉइल आणि काळी टेप. कण आरपार गेला की प्लास्टिकमध्ये क्षीण प्रकाश उमटतो, फोटोमल्टिप्लायर त्याचा विजेचा ठोका करतो, आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) तो मेमरी कार्डावर टिपतो. प्रत्येक तुकड्याचे एकेरी काऊंट वेगळे, आणि दोघांनी एकाच क्षणी दिलेले जोडीचे काऊंट वेगळे.

मूळ बेत असा की हवेचा दाब वाढला की म्युऑन किंचित कमी होतात, ते आपल्या आकड्यांत दिसतं का बघायचं. पण मधेच भलतंच काहीतरी दिसायला लागलंय. ऑक्टोबरच्या संध्याकाळी मुंब्र्याच्या डोंगरामागून काळं भरून येतं, विजा कडाडतात, धो धो पडतो. त्या वेळी एकेरी काऊंट ठळकपणे वाढतात आणि पाऊस थांबला की हळूहळू उतरतात. जोडीचे काऊंट मात्र जिथल्या तिथे. आणि जुलैत दिवसरात्र पाऊस लागला होता तेव्हा असं जवळजवळ काहीच नव्हतं!

तर प्रश्न दोन. हे काय आहे? आणि एवढ्याशा यंत्रात दाबाचा परिणाम दिसू शकेल का?

ऐरोलीकर_जुना
रुमाल टाकून ठेवतो. गच्चीवर असलं काही ठेवायला सोसायटीने परवानगी दिली, हाच मला तुमच्या प्रयोगातला सगळ्यात दुर्मिळ कण वाटतो.

घणसोलीचा_घुमा
विजा म्हटल्यावर मी आधी इलेक्ट्रॉनिक्सवरच संशय घेणार. फोटोमल्टिप्लायरचा ठोका मुळात मिलिव्होल्टमधला. जवळ वीज पडली, लिफ्टची मोटर चालू झाली, कुणाचा इन्व्हर्टर बॅटरीवर गेला, की तेवढा काटा (क्षणभराचा विजेचा झटका) कुठल्याही लांब वायरवर सहज बसतो. विश्वास बसत नसेल तर यंत्र चालू असताना शेजारी गॅसचा लायटर टकटकवून बघा.

एवढं करा: मोबाईलचा चार्जर काढून पॉवर बँकेवर चालवा. वायरी आखूड ठेवा. अर्थिंग एकाच जागी जोडा. डबा धातूचा असेल तर झाकण नीट बसतंय ना बघा, कारण झाकणाची फट म्हणजे अँटेनाच. आणि एक फोटोमल्टिप्लायर प्लास्टिकपासून सोडवून नुसता काळ्या टेपमध्ये गुंडाळून तिसरा चॅनल म्हणून लावा. त्यालाही पावसात काऊंट आले तर चोर सापडला.

डॉ_नाही_अजून
घुमा, सल्ला लाखमोलाचा, पण निदान पटत नाही. दोन्ही तुकडे एकाच डब्यात, एकाच पुरवठ्यावर आहेत. विजेचा काटा आला तर तो दोघांवर एकाच वेळी येईल आणि जोडीचे काऊंट आधी उसळतील. ताई म्हणतात ते हललेच नाहीत.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी: सोसायटीच्या पुढच्या आणि मागच्या गेटवर दोन वॉचमन आहेत, दोघेही पेंगत पेंगत रजिस्टरमध्ये काहीबाही लिहितात. एकट्याच्या नोंदीवर विश्वास ठेवता येत नाही. पण एकाच मिनिटाला दोघांनीही तीच लाल स्कूटर लिहिली असेल तर ती गेलीच. वाल्टर बोटे यांनी १९२० च्या दशकात ही युक्ती काढली आणि १९५४ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं.

आकड्यात बघा. समजा प्रत्येक तुकडा सेकंदाला १० ठोके देतोय आणि 'एकाच क्षणी' म्हणजे १ मायक्रोसेकंदाच्या आत. तर निव्वळ योगायोगाने जुळणाऱ्या जोड्या २ × १० × १० × ०.०००००१, म्हणजे सेकंदाला ०.०००२. दिवसभरात सतरा. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटीमीटरवर मिनिटाला साधारण एक म्युऑन पडतो, म्हणजे ताईंच्या तुकड्यावर मिनिटाला पंचवीसेक. त्यापुढे दिवसाला सतरा खोट्या जोड्या म्हणजे काहीच नाहीत. पण तुकड्यांचा गोंगाट सेकंदाला हजारावर गेला तर खोट्या जोड्या सेकंदाला दोन होतात आणि खरे म्युऑन त्यात बुडतात.

ताई, तुमचा आर्डुइनो 'एकाच क्षणी' किती वेळाला म्हणतो? तो वेळ लांब असेल तर खोट्या जोड्याही त्याच पटीत वाढतील.

वर्तकनगरी
@घुमा, पॉवर बँकेवर आधीपासूनच आहे. तिसरा चॅनल या आठवड्यात लावतो.
@डॉ, आर्डुइनोच्या भरवशावर नाही, जोडी जुळवायला छोटं वेगळं सर्किट आहे. भाच्याने लॅमिंग्टन रोडवरून भाग आणून बनवलंय.

सीवूड्सकर
मी डेटावाला माणूस. इतकी कसरत कशाला? सगळ्या ठोक्यांचे आकार साठवा, एखादं मॉडेल शिकवा, तेच खरा ठोका आणि गोंगाट वेगळा करून देईल. आजकाल मोठमोठ्या प्रयोगांतही हेच चालतं.

डॉ_नाही_अजून
चालतं, मीही रोज तेच करते. पण मॉडेलला 'हा खरा, हा गोंगाट' असं आधी कुणीतरी सांगावं लागतं. ज्या गोंगाटाची ओळखच पटलेली नाही त्याचं लेबल कुठून आणणार? इथे प्रश्नच तो आहे.

आणि मोठ्या प्रयोगांत कष्ट मॉडेलच्या कितीतरी आधी सुरू होतात. रेडिओअॅक्टिव्हिटी कमी असलेलं तांबं शोधायचं, स्क्रूसुद्धा मोजून घ्यायचा. इटलीतल्या ग्रान सास्सो डोंगराखालच्या, अतिदुर्मिळ घटना शोधणाऱ्या क्वोरे प्रयोगाने बुडालेल्या रोमन जहाजातलं दोन हजार वर्षांचं शिसं वापरलंय. ताज्या शिशात रेडिओअॅक्टिव्ह शिसे-२१० असतं, त्याचं अर्धआयुष्य (निम्मे अणू फुटून जायला लागणारा वेळ) २२ वर्षं. दोन हजार वर्षांत ते संपून जातं.

सीवूड्सकर
शिशाची गोष्ट माहीत नव्हती. मुद्दा मान्य, पण ठोक्यांचे आकार साठवाच, नंतर उपयोगी पडतील.

खाडीकिनारा
मी तुर्भ्याच्या बाजूला, म्हणजे ट्रॉम्बेला नोकरी केली, आता वाशीला असतो. आयुष्य कमी काऊंट मोजण्यातच गेलं. उत्तर देण्याआधी तीन गोष्टी विचारतो.

एक, पाऊस थांबल्यावर वाढलेले काऊंट निम्म्यावर यायला किती वेळ लागतो? दोन, शेडमधलं तापमान नोंदवता का? तीन, डब्याच्या वर थेट पत्राच आहे की स्लॅब?

वर्तकनगरी
काका, वर नुसता पत्रा आहे. तापमान नोंदवतो: पावसात पाचेक अंशांनी पडतं आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत खालीच राहतं. काऊंट मात्र साधारण अर्ध्या तासात निम्म्यावर येतात, दोन-अडीच तासांत पूर्ववत.

खाडीकिनारा
मग तापमान बाद. एरवी मी त्यालाच धरलं असतं. गार झालं की सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरचा स्वतःचा गोंगाट कमी होतो, पण व्होल्टेज तेच ठेवलं तर गेन (ठोका मोठा करण्याची पट) वाढतो, आणि आधी थ्रेशोल्डखाली (मोजायच्या किमान उंचीखाली) राहणारे बारके ठोके वर येऊन मोजले जातात. म्हणजे थंडीनेही काऊंट वाढू शकतात. पण तसं असतं तर ते रात्रभर वाढलेले राहिले असते.

अर्धा तास हा आकडा मात्र आमच्या ओळखीचा आहे. जमिनीतल्या आणि खडकातल्या युरेनियमच्या साखळीतून रेडॉन-२२२ वायू बाहेर पडतो, अर्धआयुष्य ३.८ दिवस. तो हवेत विरतो आणि त्याची पिल्लं, म्हणजे तो फुटून बनणारे अणू, धुळीच्या कणांना चिकटतात. त्यातल्या शिसे-२१४ चं अर्धआयुष्य २७ मिनिटं, बिस्मथ-२१४ चं २० मिनिटं. पाऊस ढगातली आणि हवेतली ही सगळी धूळ धुऊन तुमच्या पत्र्यावर, गच्चीवर आणून टाकतो. बिस्मथ गॅमा किरण सोडतं, त्यातला मुख्य ६०९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा. पातळ पत्रा त्याला अडवत नाही. पाऊस थांबला की नवा माल येणं बंद, आहे तो अर्ध्याएक तासाच्या मापाने विझत जातो.

आता जोडी का हलली नाही? म्युऑन दोन्ही तुकड्यांतून आरपार जातो. गॅमा एका तुकड्यात एका इलेक्ट्रॉनला धक्का देतो आणि तो इलेक्ट्रॉन बहुतेक वेळा तिथेच थांबतो. म्हणून एकेरी वाढले, जोडीचे नाही. तुमचं यंत्र अगदी बरोबर चाललंय.

घणसोलीचा_घुमा
काका, साष्टांग. पण मग जुलैचं काय? तेव्हा तर पत्रा कोरडा होतच नाही.

खाडीकिनारा
तोच तर मला सगळ्यात पटणारा पुरावा आहे. जुलैत वारा अरबी समुद्रावरून येतो. समुद्रातून रेडॉन जमिनीच्या मानाने नगण्य निघतो, सुमारे शंभरपट कमी. त्यामुळे मोसमी ढगात धुऊन काढण्यासारखं फारसं काही नसतंच. ऑक्टोबरचा पाऊस घाटाकडून, जमिनीवरून दिवस काढलेल्या हवेतून येतो. ताईंनी स्वतःच लिहिलंय की ढग मुंब्र्याच्या डोंगरामागून येतात. मे अखेरीच्या वळवातही हेच दिसायला हवं.

तलावपाळी
वाचतोय आणि थोडी भीतीही वाटतेय. म्हणजे परतीच्या पावसात भिजलो की अंगावर रेडिओअॅक्टिव्ह पाणी? मुलं मासुंदा तलावाभोवती पावसात सायकल चालवतात. आणि हे धोकादायक नसेल तर एवढा खटाटोप कशासाठी?

खाडीकिनारा
खुशाल चालवू द्या. नैसर्गिक स्रोतांमधून माणसाला जगभराच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट (किरणांच्या मात्रेचं एकक) मिळतातच. त्यात पावसाची ही तासाभराची वाढ शोधायलासुद्धा यंत्र लागतं. तुमच्या-माझ्या शरीरातल्या पोटॅशियम-४० चेच सेकंदाला चारेक हजार अणू फुटत असतात.

मीरा_कळवा
@तलावपाळी, खटाटोप कशासाठी याचं उत्तर मी शाळेत विज्ञान शिकवताना मुलांना कोलारची गोष्ट सांगून देते. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी १९६५ मध्ये जमिनीखाली २.३ किलोमीटरवर सिंटिलेटर लावले, ओसाका आणि डरहॅमच्या लोकांबरोबर. एम. जी. के. मेनन, बी. व्ही. श्रीकांतन, व्ही. एस. नरसिंहम ही त्यातली माणसं. एवढं खाली का? तर वरून येणारे म्युऑन, जे ताई मोजतायत, तेच त्यांना नको होते. वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो (जवळजवळ कशानेच न अडणारे सूक्ष्म कण) खडकात क्वचित धडकतात आणि त्यातून नवा म्युऑन निघतो, तो त्यांना हवा होता. म्हणून सिंटिलेटर भिंतीसारखे उभे लावले, आडवे येणारे पकडायला. इतक्या खोलवर आडवा म्युऑन वरून येऊच शकत नाही, कारण वाटेत कितीतरी किलोमीटर खडक. वातावरणातल्या न्यूट्रिनोची जगातली पहिली नोंद करणाऱ्यांत तो प्रयोग आहे. त्याच वर्षी फ्रेडरिक राइन्स यांच्या गटाला दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीतही ते दिसले.

कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली. तिथे काय झालं होतं हे आपल्या पाठ्यपुस्तकात ठळक असायला हवं असं मला फार वाटतं.

ऐरोलीकर_जुना
म्हणजे ताईंचा सिग्नल हा कोलारवाल्यांचा कचरा, आणि ताईंचा कचरा हा काकांचा सिग्नल. कुणीच उपाशी राहत नाही.

डॉ_नाही_अजून
राइन्स यांचं नाव निघालंच आहे तर जोडीची आणखी एक सुंदर तऱ्हा. १९५६ मध्ये त्यांनी आणि क्लाइड कोवन यांनी अमेरिकेतल्या सव्हाना रिव्हर अणुभट्टीजवळ न्यूट्रिनो पकडला तो दोन ठोक्यांमधल्या वेळावरून. अँटिन्यूट्रिनो प्रोटॉनवर आदळला की पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारित जुळा) आणि न्यूट्रॉन सुटतात. पॉझिट्रॉन लगेच संपतो आणि ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन गॅमा विरुद्ध दिशांना जातात. न्यूट्रॉन भटकतो आणि काही मायक्रोसेकंदांनी कॅडमियममध्ये अडकून पुन्हा गॅमा देतो. आधी हा, मग तेवढ्याच अंतराने तो, हा क्रम गोंगाटाला सहसा जमत नाही. तासाला तीनेक घटना मिळाल्या. तरी भट्टी चालू आणि बंद असतानाचा फरक बघितल्याशिवाय त्यांनी तोंड उघडलं नाही. इथे ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीशेजारी इस्मरान नावाचा प्रयोग आहे, तोही प्लास्टिक सिंटिलेटर वापरून याच क्रमावर चालतो.

काकांच्या रेडॉनवरून कामिओकांदेही आठवलं. जपानच्या या टाकीतल्या पाण्यातला रेडॉन त्यांनी सूर्याचे न्यूट्रिनो दिसावेत म्हणून हटवत आणला होता, आणि १९८७ च्या सुरुवातीला यंत्र त्या अवस्थेत चालू झालं. २३ फेब्रुवारीला सुपरनोव्हाचे (ताऱ्याच्या स्फोटाचे) ११ न्यूट्रिनो १३ सेकंदांत आले. पाणी तसंच गढूळ राहिलं असतं तर ते निवडताना नाकी नऊ आले असते.

घणसोलीचा_घुमा
अवांतर: विजांचा म्युऑनवर खरोखर परिणाम होतो. अंतराळातून येणारे किरण मोजणाऱ्या उटीच्या ग्रेप्स-३ प्रयोगाने १ डिसेंबर २०१४ च्या वादळात म्युऑन सुमारे दोन टक्के कमी झालेले पाहिले आणि त्यावरून ढगातला विद्युतदाब १.३ अब्ज व्होल्ट काढला. तेव्हा ताई, वादळाच्या वेळचे जोडीचे काऊंट टाकून देऊ नका.

डॉ_नाही_अजून
टाकून देऊ नकाच, पण तिथला म्युऑन टेलिस्कोप ५६० चौरस मीटरचा आहे आणि ताईंचा २५ चौरस सेंटीमीटरचा. जोडीचे मिनिटाला अगदी २५ काऊंट धरले तरी वादळाच्या वीस मिनिटांत ५००, त्यावर आपोआप होणारा चढउतार २२ चा. म्हणजे साडेचार टक्के. दोन टक्क्यांची खोच त्यात दिसायची नाही.

सीवूड्सकर
मग सिग्मा (आपोआप होणाऱ्या चढउताराच्या किती पट फरक) किती असले की खरं मानायचं? हिग्ज कणाला २०१२ मध्ये पाच सिग्मा पुरले. डामा प्रयोगवाले तर डार्क मॅटरसाठी (विश्वातल्या न दिसणाऱ्या पदार्थासाठी) बारा सिग्मांच्या वर सांगतात आणि तरी कुणी मानत नाही. हा न्याय कुठला?

डॉ_नाही_अजून
न्याय ताईंच्या पावसातच आहे. पाऊस आला की काऊंट वाढतात याला हवे तितके सिग्मा मिळतील. सिग्मा एवढंच सांगतात की हा नुसता नशिबाचा चढउतार नव्हे. वाढ म्युऑनची, विजेच्या काट्याची की बिस्मथची, हे ते सांगत नाहीत. डामाच्या सोडियम आयोडाइडमध्ये वर्षभराच्या चक्राने काऊंट वरखाली होतात हे नाकारत कुणी नाही. पण तोच पदार्थ वापरून स्पेनच्या अनाइस आणि कोरियाच्या कोसाइन-१०० ला ते चक्र दिसलं नाही. डार्क मॅटर शोधणाऱ्या झेनॉन-१टी प्रयोगाला २०२० मध्ये कमी ऊर्जेला जास्तीचे काऊंट दिसले तेव्हा त्यांनी स्वतःच लिहिलं की ट्रिटियमचा (रेडिओअॅक्टिव्ह हायड्रोजनचा) अंश असू शकतो. पुढचं यंत्र आणखी स्वच्छ केलं आणि २०२२ मध्ये ती वाढ गायब झाली.

यावर तुमचं-माझं एकमत व्हायचं नाही बहुतेक, पण पन्नास सिग्मांपेक्षा वेगळ्या माणसांनी वेगळ्या यंत्रावर बघितलेले तीन मला जास्त पटतात.

सीवूड्सकर
तीन म्हणजे फारच उदार झालात, पण ठीक.

खाडीकिनारा
ताई, रेडॉनची खात्री करायचा स्वस्तातला उपाय सांगतो. पाऊस पडून गेल्या गेल्या बाहेर उभ्या गाडीचं बॉनेट टिश्यू पेपरने पुसा, घडी घालून वरच्या तुकड्यावर ठेवा. मधे डब्याचं झाकण नको, नुसती काळी टेप, म्हणजे बीटा कणही (अणू फुटताना सुटणारे इलेक्ट्रॉन) पोचतील. टेप मात्र प्रकाश अडवेल असं बघा. मिनिटामिनिटाला काऊंट घ्या. दुसरा टिश्यू नळाच्या पाण्यात भिजवून तसाच ठेवून बघा, तुलनेला. पुसल्यावर हात धुवा, नेहमीची सवय म्हणून.

वर्तकनगरी
मंडळी, झालं!

काल संध्याकाळी पुन्हा गडगडाट झाला. थांबल्याबरोबर भाचा धावत खाली गेला, आमचीच गाडी पुसून टिश्यू घेऊन चार मजले चढून आला. गॅलरीत अंधार करून, वर काळं कापड टाकून ठेवला. वरच्या तुकड्याचे काऊंट लगेच उडाले, खालच्याचे थोडेच. जोडीचे तसेच. आम्ही आलेख काढत बसलो आणि तो उतरताना दिसत होता. साधारण अर्ध्या तासाला निम्मा, सुरुवातीला किंचित सावकाश. नळाच्या पाण्याच्या टिश्यूला काहीच नाही. घुमांचा तिसरा चॅनलही पावसात गप्प राहिला.

भाचा म्हणाला, "मावशी, आपण पाऊस मोजला." रात्री बाराला मी त्याला जेवायला बसवलं, तेही हातात वही घेऊनच.

खाडीकिनारा
शाब्बास. सुरुवातीचा सावकाशपणा खरा आहे. शिसे-२१४ फुटून नवं बिस्मथ बनत राहतं, म्हणून बिस्मथ एकट्याच्या २० मिनिटांनी उतरत नाही. भाच्याला म्हणावं, दोन अर्धआयुष्यांचं समीकरण लिहून त्या बिंदूंवर बसवून बघ. प्रोजेक्टचं एक प्रकरण तिथेच होतंय.

मीरा_कळवा
वाचनखूण साठवली आहे. आमच्या नववीच्या मुलांना दाखवायला आणू का एखाद्या शनिवारी? मिसळ माझ्याकडून, मामलेदारची.

वर्तकनगरी
जरूर आणा, गच्चीवर वीसेक जण मावतात. आता माझा दुसरा प्रश्न राहिलाय, हवेच्या दाबाचा.

डॉ_नाही_अजून
हिशोब करू. दाब १ हेक्टोपास्कल वाढला की म्युऑन ०.१ ते ०.२ टक्के कमी होतात. आपल्याकडे दाब दिवसातून दोनदा वरखाली होतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. फरक साधारण ३ हेक्टोपास्कल. म्हणजे शोधायचा आहे ०.४५ टक्क्याच्या आसपासचा फरक. त्यासाठी दोन्ही टोकांचे काऊंट ०.१ टक्क्यापर्यंत पक्के हवेत, म्हणजे प्रत्येकी दहा लाख. जोडीचे मिनिटाला १५ धरले तर दहा लाखांना ४६ दिवस. आणि दिवसातले त्या त्या टोकाजवळचेच, म्हणजे जेमतेम पाव दिवसाचे तास घ्यायचे, तेव्हा चौपट. सहा महिने. मग तीन सिग्मांच्या आसपास याल.

एक चांगली गोष्ट अशी की तापमान २४ तासांच्या चक्राने फिरतं आणि दाब १२ तासांच्या. दोन दहा आणि दोन चार एकत्र केले की तापमानाचा लबाडपणा बराचसा आपसात कटतो. फक्त जोडीचेच काऊंट घ्या, एकेरीत रेडॉन आहे.

घणसोलीचा_घुमा
किंवा रोजचं सोडा, मोसमी बघा. जुलै आणि जानेवारी यांच्यात मुंबईच्या दाबात ८ ते १० हेक्टोपास्कलचा फरक असतो. सिग्नल तिप्पट.

डॉ_नाही_अजून
तिप्पट, पण तेवढ्यात वरच्या हवेचं तापमान बदलतं, फोटोमल्टिप्लायरचं बदलतं, थ्रेशोल्ड सरकतो. सहा महिने एकच यंत्र एक टक्क्याच्या आत स्थिर ठेवणं या किमतीत अवघड आहे. रोजचा फरक त्याच दिवशीच्या त्याच यंत्राशी ताडता येतो.

खारघरची_वीणा
आत्ताच सगळा धागा वाचला. दुसऱ्या जागी तसंच यंत्र असेल तर तुलना होईल ना? आमची गच्ची द्यायला तयार आहे, खोलीच्या वर पाण्याची टाकी आहे, सावलीही मिळेल. चालेल?

डॉ_नाही_अजून
टाकीखाली नको! मीटरभर पाण्यात म्युऑनची सुमारे २०० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा जाते आणि कमी ऊर्जेचे म्युऑन तिथेच थांबतात. टाकी सकाळी भरली आणि रात्री रिकामी झाली की काऊंट काही टक्क्यांनी हलणार, आपल्याला शोधायचाय अर्धा टक्का. टाकीपासून लांब, गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवा.

खारघरची_वीणा
बरं, जिन्यावरची टपरी आहे, तिच्यावर नुसता पत्रा आहे. ताई, भागांची यादी पाठवाल का?

वर्तकनगरी
व्यक्तिगत निरोप केलाय. दाबाचा सेन्सर आणि सिलिका जेलच्या पुड्या तेवढ्या यादीत वाढवा, आमचा पहिला फोटोमल्टिप्लायर जून महिन्याच्या दमट हवेतच गेला.